'चेक' : एका इंग्रजी शब्दाची अर्थपरंपरा आणि तिचा इतिहास

प्रस्तावना

दैनंदिन मराठी व्यवहारात जे इंग्रजी शब्द पूर्णपणे रुळले आहेत, त्यांत 'चेक' या शब्दाचे स्थान वरचे आहे. बँकेत चेक वटतो, रेल्वेत तिकीट चेकर येतो, सीमेवर चेकनाका असतो, दवाखान्यात चेकअप होते, उत्तरपत्रिका चेक केल्या जातात आणि कापडाच्या दुकानात चेक्सचा सदरा मागितला जातो. इंग्रजीत हा शब्द याहूनही अधिक अर्थांनी वापरला जातो. अडविणे, आवर घालणे, पडताळणे, खूण करणे, सामान ठेवल्याची पावती, उपाहारगृहाचे बिल, बुद्धिबळातील शह, चौकड्यांची नक्षी आणि बँकेवरील धनाची आज्ञा हे सर्व अर्थ त्यात सामावले आहेत. प्रथमदर्शनी हे अर्थ परस्परांशी संबंधित वाटत नाहीत. एकाच उच्चाराचे अनेक भिन्न शब्द योगायोगाने एकत्र आले असावेत, असा समज होणे स्वाभाविक आहे.

वस्तुस्थिती वेगळी आहे. वरील सर्व अर्थ एकाच मूळ शब्दापासून निघाले असून तो शब्द म्हणजे 'राजा' या अर्थाचा फारसी 'शाह' होय. राजाचे नाव असलेला हा शब्द प्रथम राजावरील संकटाचे, नंतर अटकावाचे, त्यानंतर हिशेबतपासणीचे आणि अखेरीस सत्तेवरील अंकुशाचे नाव झाला. प्रस्तुत निबंधात या अर्थांतराचा ऐतिहासिक क्रम मांडला असून, हे अर्थांतर केवळ भाषिक नसून ते संस्थांच्या इतिहासाशी निगडित आहे, असे प्रतिपादन केले आहे. याच मूळ शब्दाची एक स्वतंत्र शाखा मराठीत नांदत असल्याने या विषयाला मराठी भाषेच्या अभ्यासकाच्या दृष्टीनेही महत्त्व प्राप्त होते.

इराणी मूळ

दारयवहू अर्थात पहिला दारियस (इ.स.पू. ५२२ ते ४८६) याच्या बेहिस्तून येथील शिलालेखात राजा या अर्थी 'क्षायथिय' हा प्राचीन फारसी शब्द आढळतो. या शब्दाचे कालांतराने 'शाह' असे रूप झाले. ज्या धातूपासून तो सिद्ध झाला त्याचा अर्थ 'सत्ता असणे, अधिकार चालविणे' असा असून वैदिक संस्कृतातील 'क्षयति' हे क्रियापद आणि 'क्षत्र' हे नाम त्याच कुळातील आहेत. येथे एक दक्षता घेणे आवश्यक आहे. 'शाह' हा शब्द संस्कृतातून फारसीत गेला असे यावरून सिद्ध होत नाही. भारतीय आणि इराणी या दोन्ही भाषाशाखांचा पूर्वज एक असल्याने हे शब्द परस्परांची भावंडे ठरतात, एकमेकांची अपत्ये नव्हेत.

याच इराणी कुळातील 'क्षत्रप' ही प्रांताधिकाऱ्याची पदवी महाराष्ट्राच्या प्राचीन इतिहासात सुपरिचित आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात क्षहरात क्षत्रप नहपान आणि त्याचा जावई उषवदात यांचे लेख कोरलेले आहेत. म्हणजे 'चेक' या इंग्रजी शब्दाच्या नात्यातील एक शब्द महाराष्ट्राच्या पाषाणावर इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतच कोरला गेला होता.

पटावरील राजा

'शाह' हा शब्द युरोपात पोहोचला तो राजदरबारांमार्फत नव्हे, तर एका खेळामार्फत. भारतातील चतुरंग हा खेळ सहाव्या शतकाच्या सुमारास इराणात गेला आणि 'चतरंग' म्हणून ओळखला जाऊ लागला. बाणभट्टाच्या 'हर्षचरिता'त, सातव्या शतकात, चतुरंग आणि अष्टापद या शब्दांवरील श्लेष येतो, तो या खेळाच्या भारतातील प्राचीनत्वाचा महत्त्वाचा पुरावा मानला जातो. अरबांनी इराण जिंकल्यानंतर हा खेळ 'शतरंज' या नावाने अरबी जगात पसरला आणि स्पेन व इटलीच्या मार्गाने युरोपात शिरला. स्वित्झर्लंडमधील आइन्सिडेल्न येथील मठात दहाव्या शतकाच्या अखेरीची एक लॅटिन कविता जतन झाली असून तीत या खेळाचे वर्णन आहे.

प्रतिपक्षाच्या राजावर हल्ला करताना खेळाडूने 'शाह' असा उच्चार करून सूचना देण्याची प्रथा होती. राजाला उद्देशून काढलेला उद्गार अशा रीतीने राजावरील हल्ल्याचे नाव झाला. अर्थांतराची ही पहिली पायरी होय. लॅटिन लिपिकारांनी परक्या ध्वनींना आपल्या वळणात बसवून 'स्काकस' असे रूप तयार केले. त्यापासून इटालियनमध्ये 'स्काको' आणि जुन्या फ्रेंचमध्ये 'एशेक' ही रूपे झाली. १०६६ मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यानंतर इंग्रजीत आलेल्या असंख्य फ्रेंच शब्दांबरोबर हा शब्दही आला व 'चेक' झाला. त्याच फ्रेंच शब्दाच्या अनेकवचनापासून खेळाचे 'चेस' हे नाव बनले. 'चेकमेट' हे 'शाह मात' याचेच रूपांतर असून त्यातील 'मेट'चा मित्र या अर्थाच्या इंग्रजी 'मेट'शी काहीही संबंध नाही.

चौदाव्या शतकात हा शब्द इंग्रजी साहित्यात स्थिरावलेला दिसतो. जेफ्री चॉसरने इ.स. १३७० च्या सुमारास रचलेल्या 'द बुक ऑफ द डचेस' या शोककाव्यात दैव हे बुद्धिबळातील प्रतिस्पर्धी कल्पिले असून शह आणि मात या संज्ञा मानवी दुःखाच्या वर्णनासाठी योजल्या आहेत. शह बसलेल्या राजाच्या हालचालीवर बंधन येते. त्यामुळे एकाएकी थांबविणे, रोखणे, प्रगतीला अडथळा येणे हे अर्थ लाक्षणिक रीतीने याच काळात रूढ झाले. ससाण्याने शिकार करताना नेमून दिलेले सावज सोडून भलत्याच पक्ष्यामागे लागणे, यालाही शिकारी लोकांच्या परिभाषेत 'चेक' म्हटले जात असे.

राजाचा हिशेबपट

या शब्दाच्या इतिहासातील निर्णायक टप्पा इंग्लंडच्या राजकोषात घडला. पहिल्या हेन्रीच्या कारकिर्दीत (११०० ते ११३५) राज्याच्या महसुलाची तपासणी करणारी एक संस्था आकाराला आली. इ.स. १११० च्या सुमारास तिचा 'स्काकारियम', म्हणजे बुद्धिबळाचा पट, असा उल्लेख मिळू लागतो. याच लॅटिन शब्दाच्या फ्रेंच रूपापासून इंग्रजी 'एक्स्चेकर' हा शब्द झाला. त्याच्या आरंभी दिसणारा 'एक्स' हा खरा उपसर्ग नव्हे. फ्रेंच रूपातील आरंभीचा 'एस' हा लॅटिन उपसर्गाचा अवशेष असावा अशा चुकीच्या समजुतीने तो नंतर घातला गेला.

राजकोषाला पटाचे नाव का मिळाले, याचे उत्तर स्वतः कोषाध्यक्ष असलेल्या रिचर्ड फिट्झनील याने इ.स. ११७७ च्या सुमारास लिहावयास घेतलेल्या 'डायलॉगस द स्काकारिओ' या संवादरूप ग्रंथात दिले आहे. त्याच्या वर्णनानुसार हिशेबाचे मेज सुमारे दहा फूट लांब आणि पाच फूट रुंद असे. सोंगट्या खाली पडू नयेत म्हणून त्याला चार बोटे उंचीची कड असे. त्यावर रेघा आखलेले काळे कापड अंथरले जाई. या रेघांनी पडलेल्या रकान्यांत पेनी, शिलिंग, पौंड, वीस पौंड, शंभर पौंड, हजार पौंड अशा चढत्या क्रमाने सोंगट्या मांडल्या जात. मेजाच्या एका बाजूस काउंटीचा महसूल गोळा करणारा शेरीफ आणि दुसऱ्या बाजूस राजाचे अधिकारी बसत. देय रक्कम आणि प्रत्यक्ष भरणा यांच्या सोंगट्या मांडून वजाबाकी केली जाई. खेळात जशी दोन राजांची लढाई होते, तशी येथे कोषाध्यक्ष आणि शेरीफ यांच्यात होते, असे साम्य फिट्झनीलने दाखविले आहे.

या पद्धतीमागील कारण व्यावहारिक होते. हिशेब रोमन अंकांत लिहिले जात आणि त्या अंकांनी बेरीज-वजाबाकी करणे अत्यंत गैरसोयीचे होते. भारतातून निघालेला खेळ इंग्लंडच्या राजकोषाला नाव देऊन चुकला होता. परंतु भारतीय दशमान अंकपद्धती तेथील हिशेबात अद्याप रूढ झाली नव्हती. त्या अंकांचे काम पटावरील रकाने करीत. रकाना रिकामा राहिला की शून्याची गरज भागत असे. शिवाय लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही आपला हिशेब डोळ्यांदेखत तपासता येई.

पटाबरोबरच दुहेरी नोंदीची व्यवस्थाही महत्त्वाची होती. भरलेल्या रकमेच्या खाचा काठीवर पाडून ती काठी उभी चिरली जाई. एक भाग भरणा करणाऱ्याजवळ आणि दुसरा राजकोषात राही. पुढील तपासणीत दोन्ही भाग जुळले तरच भरणा मान्य होई. या काठ्यांचा वापर १८२६ पर्यंत चालला. १६ ऑक्टोबर १८३४ रोजी साठलेल्या जुन्या काठ्या संसदगृहाच्या भट्ट्यांत जाळल्या जात असता आग भडकली आणि वेस्टमिन्स्टरचा बहुतांश प्रासाद भस्मसात झाला. ब्रिटिश अर्थमंत्र्याची 'चॅन्सलर ऑफ द एक्स्चेकर' ही पदवी मात्र टिकून आहे.

पट आणि हिशेब यांच्या या संयोगातून दोन अर्थ पुढे आले. पटावरील घरांच्या साम्यामुळे चौकड्यांच्या कापडाला 'चेक' म्हटले जाऊ लागले. दुसरा अर्थ पडताळणीचा. अडविण्याचा अर्थ आधीच रूढ होता. एखादी नोंद दुसऱ्या नोंदीशी जुळवून चूक किंवा अफरातफर रोखणे, हा त्याचा हिशेबी विस्तार होय. सतराव्या शतकाच्या अखेरीस तपासणे हा अर्थ पूर्णपणे स्थिर झाला. तपासल्याची खूण, सामानाची पावती आणि अमेरिकेतील उपाहारगृहाचे बिल हे एकोणिसाव्या शतकातील अर्थ त्याचीच पुढील अपत्ये आहेत.

बँकेचा चेक : दोन व्युत्पत्ती

बँकेच्या चेकची व्युत्पत्ती अरबी 'सक्क' या शब्दापासून लावणारे एक मत लोकप्रिय आहे. मध्ययुगीन अरबी व्यापारात 'सक्क' म्हणजे देण्याचा लेखी दस्तऐवज होता. दहाव्या शतकातील प्रवासी इब्न हौकल याने सहाराच्या दक्षिण कडेवरील औदागुस्त येथे ४२,००० दिनारांचा असा दस्तऐवज पाहिल्याचे नमूद केले आहे. उच्चार जवळचा आणि अर्थही जवळचा असल्याने हे मत सहज पटण्याजोगे आहे.

तथापि कागदोपत्री पुरावा त्याला अनुकूल नाही. पहिली बाब अशी की, इंग्रजीत या शब्दाचा बँकव्यवहारातील आरंभीचा अर्थ पैसे देण्याची आज्ञा असा नव्हता. १७०६ च्या ब्रिटिश कायद्यात तो राजकोषाच्या हुंड्यांच्या, म्हणजे एक्स्चेकर बिलांच्या, स्थळप्रतीसाठी वापरलेला आहे. बनावट कागद ओळखण्यासाठी जो भाग जपून ठेवावयाचा, तो 'चेक'. पुढे स्थळप्रत जोडलेल्या छापील फॉर्मनाच हे नाव मिळाले आणि अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ते प्रत्यक्ष आज्ञापत्राचे नाव झाले. दुसरी बाब अशी की, अरबी व्यापाराशी ज्यांचा निकटचा संबंध होता त्या इटालियनांच्या भाषेत चेकसाठी 'असेन्यो' हा निराळाच शब्द आहे आणि फ्रेंच 'शेक' हा इंग्रजीतून घेतलेला आहे. अरबी शब्द इंग्रजीपर्यंत पोहोचविणारी मधली कडी त्यामुळे आढळत नाही. देण्याच्या लेखी आज्ञेची कल्पना अरबी व्यापाऱ्यांना पूर्वीपासून परिचित होती हे मान्य करावे लागेल. परंतु कल्पनेची प्राचीनता आणि शब्दाची व्युत्पत्ती या दोन स्वतंत्र बाबी आहेत.

ब्रिटिश इंग्रजीत बँकेचा चेक वेगळ्या वर्णांनी लिहिला जातो, तेही राजकोषाच्या नावाच्या प्रभावामुळे. एकोणिसाव्या शतकातील बँकतज्ज्ञ जे. डब्ल्यू. गिल्बर्ट यांनी संदिग्धता टाळण्यासाठी आणि एक्स्चेकरशी असलेल्या साधर्म्यामुळे या लेखनाचा पुरस्कार केला. अमेरिकेत जुनेच लेखन कायम राहिले. देवनागरीत हा भेद नाहीसा होऊन दोन्ही शब्द पुन्हा एकरूप झाले. मध्य युरोपातील चेक लोकांचे नाव मात्र देवनागरीत तसेच दिसत असले तरी सर्वस्वी निराळे आहे.

भारतात चेक आला तेव्हा हुंडीची परंपरा सुस्थापित होती. १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाने चेकची व्याख्या केली आणि देशी भाषांतील हुंड्यांच्या स्थानिक रूढींना बाधा येणार नाही अशी तरतूदही केली. मराठीत हुंडी वटते तसा चेकही वटू लागला. नवी वस्तू परकी असली तरी तिला जोडलेले क्रियापद देशी राहिले. २००२ मधील दुरुस्तीने चेकच्या व्याख्येत त्याच्या इलेक्ट्रॉनिक प्रतिमेचाही समावेश झाला.

सत्तेवरील अंकुश

हिशेबाच्या क्षेत्रातून हा शब्द राज्यशास्त्रात गेला. माँतेस्क्यूच्या १७४८ मधील ग्रंथात सत्तेनेच सत्तेला थोपवावे हा विचार आहे. टॉमस न्यूजेंट याच्या १७५० मधील इंग्रजी अनुवादात त्यासाठी 'चेक' हा शब्द योजला गेला. १७८८ मधील 'फेडरलिस्ट' लेखमालेच्या ५१ व्या लेखात जेम्स मॅडिसनने शासनाच्या अंगांनी परस्परांना आवर घालण्याच्या तत्त्वाचे विवेचन केले. 'चेक्स अँड बॅलन्सेस' ही संज्ञा पुढे लोकशाही राज्यघटनांच्या अभ्यासात सर्वत्र रूढ झाली.

राजकोषाच्या संस्थेतही समांतर बदल घडला. बाराव्या शतकात राजा शेरीफांचा हिशेब तपासत होता. १८६६ च्या एक्स्चेकर व लेखापरीक्षण कायद्याने ब्रिटनमध्ये नियंत्रक व महालेखापरीक्षक हे पद निर्माण झाले आणि राजाच्याच शासनाचा खर्च संसदेच्या वतीने तपासला जाऊ लागला. तपासणारा आणि तपासला जाणारा यांच्या जागा बदलल्या. भारतीय राज्यघटनेच्या १४८ व्या अनुच्छेदातील पदाचे नाव याच परंपरेतून आलेले आहे. ३० मे १९४९ रोजी संविधान सभेत बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी हा अधिकारी संविधानातील बहुधा सर्वांत महत्त्वाचा अधिकारी आहे असे मत मांडले होते. राजाच्या नावापासून निघालेला शब्द आणि राजाच्या हिशेबपटापासून निघालेली संस्था, या दोहोंचा शेवट सत्ताधाऱ्याला जाब विचारण्याच्या तत्त्वात झाला, ही बाब लक्षणीय आहे.

मराठीतील दुसरी शाखा

'शाह' हा शब्द मराठीत इंग्रजीच्या कितीतरी आधी आला. १३४७ मध्ये बहामनी राज्य स्थापन झाल्यापासून दख्खनच्या दरबारी व्यवहारात फारसीचे वर्चस्व होते. आदिलशाही, निजामशाही, कुतुबशाही ही राज्यांची नावे आणि 'पातशहा' हा शब्द मराठीच्या अंगवळणी पडले. शहाजीराजांचे नाव अहमदनगरच्या शाह शरीफ या पिराच्या नावावरून ठेवले गेले, अशी परंपरा सांगितली जाते.

बुद्धिबळाच्या परिभाषेत तर इंग्रजीत घडले तेच मराठीतही घडले. राजाचे नाव 'शह' या रूपात राजावरील हल्ल्याचे नाव झाले. पुढे शह देणे, शहास काटशह देणे, मात करणे हे प्रयोग राजकारणाच्या वर्णनात नित्याचे झाले. मराठी शब्दाने राजकीय डावपेचांचा अर्थ विकसित केला. इंग्रजी शब्दाने हिशेबतपासणीचा. दख्खनमध्ये हिशेबतपासणी नव्हती असा याचा अर्थ नव्हे. फडणीस आणि दफ्तरदार यांची सुसंघटित व्यवस्था येथे होती. तिची परिभाषा मात्र पटाशी जोडलेली नव्हती. म्हणूनच पडताळणीचा अर्थ मराठीत 'शह'ला लाभला नाही, तो 'चेक'बरोबर समुद्रमार्गे आला.

छत्रपती शिवाजी महाराजांच्या प्रेरणेने सिद्ध झालेल्या 'राज्यव्यवहारकोशा'त फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देण्यात आले. विसाव्या शतकातील भाषाशुद्धीच्या चळवळीनेही तोच आग्रह धरला. माधवराव पटवर्धन यांचा १९२५ मधील 'फार्शी-मराठी कोश' पाहता मराठीवरील फारसीच्या ऋणाची व्याप्ती लक्षात येते. या प्रयत्नांतून 'शाही' हा प्रत्यय सुटला. इतकेच नव्हे, तर तो वाढला. नोकरशाही, भांडवलशाही, हुकूमशाही, घराणेशाही हे शब्द मराठीने स्वतः घडविले. हिंदीने 'लोकतंत्र' हा शब्द अधिक पसंत केला. मराठीने संस्कृत 'लोक' आणि फारसी 'शाही' यांचा समास करून 'लोकशाही' स्वीकारली. 'चेक्स'विना लोकशाही संभवत नाही, असे विधान एखादा मराठी प्राध्यापक वर्गात करतो तेव्हा त्या वाक्यातील दोन प्रमुख संज्ञा एकाच इराणी शब्दापासून आलेल्या असतात.

केवळ ध्वनिसाम्यावर विसंबणे धोक्याचे आहे, हेही येथे नोंदविणे योग्य ठरेल. 'शहाणा' हा शब्द 'शहा'शी जोडण्याचा मोह होऊ शकतो. परंतु तो संस्कृत 'सज्ञान' या शब्दापासून प्राकृताद्वारे आलेला आहे.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. 'चेक' या शब्दाचे आज दिसणारे विविध अर्थ स्वतंत्र नसून राजा, शह, अटकाव, पडताळणी आणि अंकुश या क्रमाने विकसित झालेले आहेत. चौकड्यांची नक्षी आणि बँकेचा दस्तऐवज या त्या विकासाच्या उपशाखा होत.

२. हे अर्थांतर निव्वळ लाक्षणिक नाही. बाराव्या शतकातील हिशेबपट, अठराव्या शतकातील स्थळप्रत आणि आधुनिक लेखापरीक्षण या प्रत्यक्ष व्यवस्थांनी ते घडविले.

३. अरबी 'सक्क'पासूनची व्युत्पत्ती आकर्षक असली तरी शब्दाच्या कालानुक्रमिक वापराचा पुरावा राजकोषाच्या बाजूने आहे. व्युत्पत्तिविचारात ध्वनी आणि अर्थ यांच्या साम्याइतकेच मधल्या कड्यांना महत्त्व आहे.

४. शब्दांचे देशी आणि परकी असे काटेकोर विभाजन इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. 'क्षत्र' संस्कृत, 'शह' फारसी आणि 'चेक' इंग्रजी म्हणून वेगळे मानले जातात. पण त्यांचे कूळ एकच आहे. 'धनादेश' हा पर्यायी शब्द वापरण्यास कोणाची हरकत असू नये. तथापि 'चेक' परका म्हणून त्याज्य ठरविताना, हाच निकष लावल्यास 'लोकशाही'लाही मराठीतून निरोप द्यावा लागेल, याचे भान ठेवणे अगत्याचे आहे.